मुंबईतल्या बागा: जाण्याआधी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबईत बागेत जायचं म्हटलं की पहिली अडचण रस्त्याची नसते, माहितीची असते. कुठली बाग कधी बंद, कुठे तिकीट, कुठे डबा चालतो, याबद्दल ऐकीव माहितीच जास्त फिरते. एक गोष्ट आधी समजून घेतली की निम्मा गोंधळ संपतो: बाग कोणाच्या ताब्यात आहे ते बघा. महापालिकेच्या बागेचे नियम वेगळे, वनखात्याच्या जंगलाचे वेगळे, बंदराच्या जागेवरच्या बागेचे वेगळे. खालची उत्तरं वाचताना हे लक्षात ठेवा.

बागेत जायला तिकीट लागतं का?

तुमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर जी महापालिकेची बाग आहे तिथे नाही. शहरातल्या बहुतेक बागा आणि मैदानं फुकट आहेत: हँगिंग गार्डन, कमला नेहरू पार्क, माटुंगा-दादरची फाइव्ह गार्डन्स, हॉर्निमन सर्कल, शिवाजी पार्क.

तिकीट लागतं ते मोजक्या ठिकाणी. भायखळ्याच्या राणीच्या बागेत (कागदोपत्री नाव वीरमाता जिजाबाई भोसले वनस्पती उद्यान व प्राणिसंग्रहालय) मोठ्यांना ५० रुपये, ३ ते १२ वर्षांच्या मुलांना २५ रुपये, आणि आई-वडील व दोन मुलं अशा चौघांच्या कुटुंबाला मिळून १०० रुपये. हे कुटुंबाचं तिकीट खिडकीवर स्वतःहून मागा. मलबार हिलवर २०२५ मध्ये सुरू झालेल्या झाडांमधल्या लाकडी पायवाटेला भारतीयांसाठी २५ रुपये आहेत आणि तिची वेळ ऑनलाइन आरक्षित करावी लागते. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात वनखात्याचं प्रवेशशुल्क आहे, आणि आत कान्हेरी लेण्यांचं तिकीट पुन्हा वेगळं, कारण लेणी पुरातत्त्व खात्याकडे आहेत. एकाच सहलीत दोन खिडक्यांवर पैसे का भरावे लागतात, याचं कारण हे. दर बदलत असतात, म्हणून निघण्याआधी एकदा बघून घ्या.

दुपारी गेलो तर दार बंद. असं का?

महापालिकेच्या बऱ्याच बागा सकाळी लवकर उघडतात, दुपारी काही तास बंद असतात आणि पुन्हा संध्याकाळी उघडतात. पाणी घालणं, झाडलोट, छाटणी ही कामं त्या वेळात होतात. वेळा दारावरच्या फलकावर लिहिलेल्या असतात. दुपारचं काम उरकून मुलांना घेऊन निघायचं असेल तर फलकाचा फोटो काढून ठेवणं सोपं पडतं.

व्यक्तिशः मला दुपारी बागा बंद ठेवणं पटत नाही. ज्यांना घरात पंखासुद्धा धड नाही, डिलिव्हरीची कामं करणारी पोरं, धुणीभांडी करून दोन घरांमध्ये तासभर मोकळा असणाऱ्या बायका, यांना सावली नेमकी दुपारीच हवी असते. झाडलोट पहाटेही करता येईल.

साप्ताहिक सुटी कोणत्या वारी असते?

राणीची बाग बुधवारी बंद. तिला लागून असलेलं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयही बुधवारीच बंद. बुधवारी सार्वजनिक सुटी आली तर राणीची बाग सहसा त्या दिवशी उघडी ठेवून दुसऱ्या दिवशी बंद ठेवतात. बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान आणि कान्हेरी सोमवारी बंद. गल्लीतल्या बागांना साप्ताहिक सुटी नसते.

राणीच्या बागेची वेळ सकाळी साडेनऊ ते संध्याकाळी सहा, पण तिकीटखिडकी त्याआधीच बंद होते. पाच वाजता भायखळा स्टेशनवर उतरून धावत जाण्यात अर्थ नाही.

राणीच्या बागेत पेंग्विन सोडून बघण्यासारखं काय आहे?

हा प्रश्न विचारला जातो याचंच वाईट वाटतं. राणीची बाग मुळात वनस्पती उद्यान आहे, प्राणी नंतर आले. १८६२ मध्ये ती लोकांसाठी खुली झाली, तेव्हा नाव व्हिक्टोरिया गार्डन्स. पन्नासएक एकर जागा, भायखळ्यासारख्या गच्च वस्तीत, आणि तिच्यात दीडशे वर्षांत वाढलेली तीन हजारांवर झाडं. देशोदेशींच्या इतक्या जाती एका कुंपणात मुंबईत दुसरीकडे कुठेही नाहीत. पिंजऱ्यांकडे धावण्याआधी अर्धा तास झाडांना द्या.

पहिलं झाड कैलासपती. बाकीच्या झाडांसारखी याची फुलं फांदीच्या टोकाला नसतात, थेट खोडातून लोंबणाऱ्या दोरांसारख्या देठांवर लागतात. एखादं फूल खाली पडलेलं मिळालं तर तळहातावर घेऊन बघा. सहा जाड, मांसल, गुलाबी-लाल पाकळ्या आणि मधोमध पुंकेसरांचा वळलेला फणा, त्या फण्याखाली पिंडीसारखा छोटा उंचवटा. वास इतका गोड आणि जड की बराच वेळ हाताला राहतो. त्याच झाडाची फळं मात्र तोफगोळ्याएवढी, तपकिरी, कडक. फुटली की घाण वास सुटतो. म्हणून या झाडाच्या अगदी बुंध्याशी चादर अंथरून बसू नका.

दुसरं उर्वशी. मूळचं म्यानमारचं. थंडी सरता सरता फुलतं आणि लाल फुलांचे लांब घोस खाली सुटतात, पाकळ्यांच्या टोकाला पिवळा ठिपका. फुलं नसली तरी कोवळी पालवी बघा: तपकिरी-गुलाबी, मलूल, जणू झाडाला पाणीच मिळालेलं नाही. झाड आजारी नाही, त्याची पालवीच तशी लोंबते आणि मग हिरवी होऊन ताठ होते.

तिसरी गोरखचिंच. आफ्रिकेची. खोडाचा घेर पाहिल्यावर मुलं आपोआप हात पसरून मोजायला लागतात, त्यांना मोजू द्या. सालीवर नावं कोरलेली दिसतील. ते बघून मुलांना जे सांगायचं ते तिथेच सांगून टाका.

आता दगड. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात एक प्रचंड दगडी हत्ती उभा आहे. हा घारापुरीचा. ज्या हत्तीमुळे पोर्तुगीजांनी त्या बेटाला एलिफंटा म्हटलं तोच. १८६४ मध्ये त्याला इंग्लंडला न्यायचा बेत होता. उचलताना तो तुटला आणि म्हणूनच इथे राहिला. पुढे १९१४ मध्ये त्याचे तुकडे जोडले. जवळ जाऊन सांधे बघा, अजून ओळखू येतात. फोर्टातल्या काळा घोडा चौकात ज्या पुतळ्यावरून ते नाव पडलं, तो घोड्यावरचा सातवा एडवर्डही १९६५ पासून याच बागेत आहे. पुष्कळ लोक काळा घोडा बघायला फोर्टात जातात. मूळचा घोडा इथे भायखळ्यात आहे.

२००७ च्या सुमारास प्राणिसंग्रहालय नव्याने बांधण्याचा मोठा आराखडा पुढे आला. त्यात झाडं आणि बागेची जुनी मांडणी जाईल हे ओळखून काही मुंबईकर स्त्रियांनी मोहीम उभी केली, एकेक झाड मोजलं, त्याची जात लिहून काढली, वारसा समितीपर्यंत बाजू मांडली. आज आपण ज्या सावलीत फिरतो ती त्या मोजणीमुळे टिकली आहे.

पेंग्विनसाठी किती वेळ धरावा?

हम्बोल्ट जातीचे हे पेंग्विन २०१६ मध्ये दक्षिण कोरियातून आले आणि २०१७ पासून लोकांना बघायला मिळतात. थंड केलेलं दालन आहे, काचेतून दिसतात. आठवड्याच्या मधल्या वारी सकाळी गेलात तर निवांत. रविवारी आणि मे महिन्याच्या सुटीत रांग मोठी असते. काचेवर टकटक करू नका आणि फ्लॅश मारू नका.

लहान मुलांना कुठे न्यावं?

मलबार हिल. हँगिंग गार्डन आणि कमला नेहरू पार्क समोरासमोर आहेत, एका फेरीत दोन्ही होतात. हँगिंग गार्डन १८८१ मध्ये पाण्याच्या टाकीवर उभी राहिली. मुलांना सांगा की आपण चालतोय त्याच्या खाली दक्षिण मुंबईचं पिण्याचं पाणी आहे. प्राण्यांच्या आकारात कातरलेली झुडपं त्यांना आवडतात. कमला नेहरू पार्कात म्हातारीचा बूट, म्हणजे बुटाच्या आकाराचं घर आहे, आणि पुढे कठड्यावरून मरीन ड्राइव्हची वळलेली किनारपट्टी दिसते. पोचायला ग्रँट रोड किंवा चर्नी रोडवरून बस वा टॅक्सी करा. चढ आहे, बाबागाडी ढकलत चालत जाऊ नका.

मूल चार वर्षांच्या आतलं असेल तर खरं म्हणजे घराजवळची बागच बरी. दोन तास प्रवास करून चिडचिडं झालेलं मूल कुठलाच बूट बघत नाही.

घरातल्या ज्येष्ठांना रोज चालायला कुठली जागा चांगली?

घराजवळची, सपाट, बसायला बाकं असलेली. या कसोटीवर फाइव्ह गार्डन्स फार छान आहे: पाच छोट्या हिरव्या तुकड्यांभोवती शांत रस्ते, जुनी झाडं, पारशी कॉलनीचा शेजार. शिवाजी पार्कचा कट्टा तर ज्येष्ठांचाच आहे. मैदानाभोवतीची फेरी साधारण सव्वा किलोमीटर भरते, आणि मध्येच थकलं तर कुठेही टेकता येतं. दुधीभोपळ्याच्या रसाच्या गाड्यांपासून लाफ्टर क्लबपर्यंत सगळं आजूबाजूला सापडतं. राणीच्या बागेत सकाळी चालणाऱ्यांसाठी मासिक पास असतो, तिथे रस्ते रुंद आहेत आणि गाड्यांचा त्रास नाही.

पावसाळ्यात शेवाळलेल्या फरशीवर घसरून पडणं हा खरा धोका. चपला नकोत, तळ धरणारे बूट घाला.

राष्ट्रीय उद्यानात बिबट्या दिसतो का? मुलांना नेणं सुरक्षित आहे का?

उद्यान १०० चौरस किलोमीटरहून मोठं आहे, त्यात तुळशी आणि विहार हे दोन तलाव आहेत आणि बिबट्यांची कायमची वस्ती आहे. ते जंगल आहे, बाग नव्हे, एवढं मनाशी धरून गेलं की भीतीही वाटत नाही आणि बेफिकिरीही राहत नाही. दिवसा, मुख्य रस्त्यावर, माणसांच्या वर्दळीत बिबट्या सहसा समोर येत नाही. मुलांना पुढे पळू देऊ नका, आडवाटेला एकटं सोडू नका, संध्याकाळी वेळेत बाहेर पडा. शिलोंड्यासारख्या पायवाटांवर वनखात्याच्या परवानगीनेच आणि वाटाड्याबरोबर जा.

माकडांचा उपद्रव मात्र नक्की होतो, कारण लोक त्यांना वेफर्स देतात. हातात खाण्याची पिशवी दिसली की ती गेली. सगळं सॅकमध्ये, चेन लावून.

कान्हेरी दारापासून सहाएक किलोमीटर आत आहे, आतली बस मिळते. काळ्या पाषाणात कोरलेली शंभराहून जास्त लेणी, आणि बहुतेकींजवळ पाणी साठवायची टाकी. पावसाळ्यात गेलात तर डोंगरावरचं पाणी कोरलेल्या पन्हळींतून टाक्यांत कसं उतरतं ते डोळ्यांनी बघायला मिळतं.

कुठल्या महिन्यात काय फुललेलं असतं?

फेब्रुवारी-मार्चमध्ये काटेसावर, पांगारा, पळस. पानं गळलेल्या फांद्यांवर नुसती लाल-केशरी फुलं आणि त्यांच्यावर मैना, बुलबुल, सूर्यपक्षी. राष्ट्रीय उद्यानात हा काळ सर्वांत सुंदर. याच सुमारास पूर्व द्रुतगती मार्गावर विक्रोळीजवळ टॅबेबुया गुलाबी होतो आणि सगळे फोटो काढायला जातात. महामार्गावर गाडी थांबवू नका एवढीच विनंती.

एप्रिल-मे म्हणजे बहावा आणि ताम्हण. ताम्हण हे आपलं राज्यपुष्प, जांभळे तुरे, आणि मुंबईत किती रस्त्यांवर आहे हे एकदा ओळखायला लागलं की कळतं. मग गुलमोहर, त्याच्या जोडीला पिवळा सोनमोहर.

पावसात कदंब. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये रात्री फिरायला गेलात आणि उग्र, दाट वास आला तर वर बघा, सातवीण असेल. काहींचं डोकं दुखतं त्याने. त्याच दिवसांत बुचाची पांढरी, लांब देठांची फुलं पहाटे खाली पसरलेली असतात. सुई-दोरा नसला तरी ते देठ एकमेकांत गुंफून वेणी होते. शाळेत जाणाऱ्या मुली अजूनही करतात.

जानेवारीच्या अखेरीस किंवा फेब्रुवारीत महापालिका राणीच्या बागेत फुलं, फळं आणि भाज्यांचं प्रदर्शन भरवते. गर्दी प्रचंड असते. रोपं, खतं, कुंड्या घ्यायच्या असतील तर पहिल्या दिवशी सकाळी जा.

पावसाळ्यात बागेत जावं का?

जावं, पण वारा सुटलेला असताना नाही. मुंबईत दर पावसाळ्यात झाडं पडतात. गुलमोहराची मुळं फार खोल जात नाहीत, आणि बुंध्यापर्यंत काँक्रीट ओतलेलं असेल तर कुठलंही झाड कमकुवत होतं. झाड कललेलं दिसलं, फांदी अर्धवट मोडून लटकलेली दिसली तर महापालिकेच्या १९१६ क्रमांकावर कळवा. ठिकाण सांगताना जवळच्या इमारतीचं नाव द्या.

डबा नेऊन खाल्ला तर चालतं का?

बऱ्याच ठिकाणी चालतं, काही ठिकाणी हिरवळीवर बसून खायला मनाई असते. राणीच्या बागेत आणि राष्ट्रीय उद्यानात प्लॅस्टिकच्या पिशव्या-बाटल्यांबद्दल दारावर तपासणी होते. स्टीलचा डबा आणि स्टीलची बाटली न्या, वाद संपला. उष्टं, केळीची सालं, काहीही मागे ठेवू नका. उंदीर आणि घुशी त्यावरच पोसतात आणि झाडांच्या मुळाशी बिळं करतात.

पक्ष्यांना, खारींना खायला घालावं का?

नको. प्राणिसंग्रहालयात तर तो गुन्हा आहे. कबुतरांना दाणे टाकणं पुण्याचं मानणारी माणसं मनाने चांगली असतात, पण कबुतरांच्या विष्ठेमुळे फुप्फुसांचे आजार होतात, आणि बाकीच्या पक्ष्यांना जागा उरत नाही. पक्षी हवे असतील तर झाडं राखा. उंबराखाली पाच मिनिटं उभं राहिलात तर तांबटापासून कोकिळेपर्यंत सगळे दिसतील.

फोटो, वाढदिवस, लग्नाआधीचं शूटिंग?

मोबाइलवर घरचे फोटो काढायला कोणी हरकत घेत नाही. मोठा कॅमेरा, स्टँड, दिवे, कपडे बदलणं आलं की परवानगी आणि शुल्क. फुगे, थर्माकोल, कागदी फटाके घेऊन वाढदिवस करू नका. ते चमकीचे तुकडे मातीत वर्षानुवर्षं राहतात.

आम्ही दोघं नुसते बाकावर बसलो तरी रखवालदार उठवतो. काय करावं?

बागेत दोन माणसांनी बसून बोलणं हा गुन्हा नाही. आवाज न चढवता विचारा की कुठला नियम मोडला, आणि तो फलकावर कुठे लिहिला आहे. दोन खोल्यांच्या घरात सहा माणसं राहतात अशा या शहरात तरुण जोडप्यांना, नवरा-बायकोलाही, बोलायला जागा बागेतच मिळते. बाग बंद व्हायची वेळ झाली असेल तर मात्र रखवालदाराचं ऐका, त्यालाही घरी जायचं असतं.

कुत्र्याला नेता येतं का?

बहुतेक महापालिका बागांत नाही. राष्ट्रीय उद्यानात अजिबात नाही.

पूजेसाठी बागेतली फुलं तोडली तर?

पहाटे पिशवी घेऊन येणारे, काठीने चाफा ओढणारे काका-काकू प्रत्येक बागेत असतात. तोडू नका. जी फुलं आपल्या देवासाठी नेतो ती बाकीच्यांच्या डोळ्यांसाठी लावलेली असतात, आणि फांदी मोडली की पुढच्या वर्षी फूलही नाही. खाली पडलेलं प्राजक्ताचं फूल उचलून वाहण्याची रीत आपल्याकडे आहेच. राष्ट्रीय उद्यानातून पडलेलं पानही आणू नये.

आमच्या बागेतला झोका महिनोन् महिने तुटलेला आहे. कोणाला सांगायचं?

तुमच्या विभाग कार्यालयातल्या उद्यान खात्याकडे लेखी अर्ज द्या. तोंडी सांगितलेलं विसरलं जातं. अर्जावर बागेचं नाव, तारीख, फोटो, आणि दहा-पंधरा शेजाऱ्यांच्या सह्या. पोचपावती घ्या. नगरसेवकाला प्रत द्या. पंधरवड्याने पुन्हा जा.

झाड तोडलं जात असेल तर तिथल्या माणसाकडे परवानगीचा कागद मागा. राज्यात १९७५ पासून शहरांतल्या झाडांच्या संरक्षणाचा कायदा आहे. खाजगी आवारातलं झाडसुद्धा वृक्ष अधिकाऱ्याच्या वा वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय तोडता येत नाही. तोडण्याआधी झाडावर नोटीस लावून हरकती मागवतात. ती नोटीस वाचा आणि मुदतीत हरकत लिहून पाठवा. हँगिंग गार्डनखालची टाकी पाडून नवी बांधायचं ठरलं तेव्हा शेकडो झाडं जाणार होती. २०२३ मध्ये रहिवाशांनी हरकती घेतल्या, तज्ज्ञांकडून टाकीची तपासणी करवून घेण्याचा आग्रह धरला, आणि टाकी पाडण्याऐवजी दुरुस्त करता येते का याचा विचार महापालिकेला करावा लागला. एका अर्जाने हे झालं नाही, पण सुरुवात अर्जांनीच झाली.

गर्दी नसलेली, कमी लोकांना माहीत असलेली बाग?

महाराष्ट्र निसर्ग उद्यान. धारावीला लागून, मिठी नदीच्या काठी, शीव स्टेशनवरून जवळ. ३७ एकरांची ही जागा पूर्वी कचराडेपो होती. कचऱ्यावर माती टाकून झाडं लावली, १९९४ मध्ये लोकांसाठी खुली केली, आणि आज तिथे फुलपाखरं बघायला शाळांच्या सहली येतात. इथे सकाळीच जा. संध्याकाळच्या फेरफटक्याला म्हणून गेलात तर दार बंद मिळायची शक्यता जास्त.

दक्षिणेला कुलाब्यात सागर उपवन आहे, बंदराच्या जागेवरची समुद्रालगतची बाग. अंधार पडायच्या आत बाहेर काढतात.

बाहेरगावाहून येतोय, एकच दिवस आहे. कसं करावं?

सकाळी साडेनऊला भायखळा पूर्वेला उतरून राणीची बाग. आधी झाडं, मग प्राणी, मग भाऊ दाजी लाड संग्रहालय. १८७२ मध्ये उघडलेली ती इमारत आतून बघण्यासारखी आहे, तिकीट वेगळं. जेवण करून लोकलने सीएसएमटी, तिथून चालत हॉर्निमन सर्कल. एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयाच्या पायऱ्यांसमोरची गोल बाग, दुपारी सावलीला बरी. चारच्या सुमारास टॅक्सीने मलबार हिल. तिथल्या लाकडी पायवाटेचं आरक्षण मिळालं असेल तर ती, नाहीतर कमला नेहरू पार्क. बुधवार सोडून कुठलाही वार धरा, आणि रविवार शक्यतो टाळा.